संशोधन-अनुदानाचे नियम सुबोध कसे करावेत

१. विषयप्रवेश

विद्यापीठात चालणाऱ्या शास्त्रीय संशोधनास बुद्धी, उपकरणे व काळ यांची जशी आवश्यकता असते, तशीच पैशाचीही असते. हा पैसा बहुतांशी शासनाच्या अनुदानातून येतो व अनुदानाबरोबर त्याचे नियमही येतात. खरेदी कशी करावी, अधिछात्रवृत्ती केव्हा द्यावी, उरलेल्या रकमेचे काय करावे, हिशोब कोणाला व कोणत्या नमुन्यात सादर करावा, या सर्व गोष्टी त्या नियमांनी ठरविलेल्या असतात. सार्वजनिक द्रव्याचा विनियोग ज्या कारणासाठी ते मंजूर झाले त्याच कारणासाठी व्हावा, हा या नियमांचा हेतू आहे व त्याविषयी कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही.

तथापि, ज्यांनी हे नियम पाळावयाचे त्या अध्यापकांस व संशोधकांस ते पुष्कळदा नीट समजलेले नसतात. याचा परिणाम दोन प्रकारे दिसून येतो. काही जण भीतीपोटी खर्चच करीत नाहीत व वर्षअखेर रक्कम परत जाते. काही जण समजुतीच्या चुकीने वेगळ्याच शीर्षाखाली खर्च करून बसतात व पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. दोन्ही बाबतींत नुकसान संशोधनाचे होते. आणि त्याची पहिली झळ लागते ती प्रकल्पात सर्वांत कनिष्ठ असलेल्या संशोधक विद्यार्थ्याला, कारण त्याचे मासिक वेतन त्याच अनुदानातून निघत असते.

नियम सोपे करणे याचा अर्थ नियम शिथिल करणे असा नव्हे. पाळणाऱ्याला ते समजतील अशा रीतीने मांडणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. हे कसे साधावे, याचा विचार हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्याचे उदाहरण समोर ठेवून या पाठात केला आहे.

२. एक जिल्हा, तीन प्रकारची विद्यापीठे

दिल्लीच्या नैर्ऋत्येस असलेले गुरुग्राम (२०१६ पर्यंतचे अधिकृत नाव गुडगाव) हे मोटारनिर्मिती व कंपन्यांची कार्यालये यांसाठी सर्वत्र परिचित आहे. परंतु अनुदानाच्या नियमांचा अभ्यास करणाऱ्यास हा जिल्हा आणखी एका कारणाने उपयोगी पडतो. तीन भिन्न प्रकारची विद्यापीठे येथे अगदी जवळजवळ नांदत आहेत.

पहिल्या प्रकारात मानेसर येथील राष्ट्रीय मस्तिष्क अनुसंधान केंद्र येते. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ही स्वायत्त संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली, २००२ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला व २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली. मेंदू व मज्जासंस्था यांचे संशोधन व शिक्षण हेच तिचे कार्य आहे. दुसऱ्या प्रकारात गुरुग्राम विद्यापीठ मोडते. ते २०१७ च्या हरियाणा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले तरुण राज्य विद्यापीठ होय. तिसऱ्या प्रकारात खाजगी विद्यापीठे येतात. जिल्ह्यात अशी विद्यापीठे अनेक आहेत.

या तिन्ही ठिकाणच्या अध्यापकांनी केंद्र शासनाच्या एकाच योजनेखाली अर्ज केला व तिघांनाही अनुदान मिळाले, अशी कल्पना करावी. मंजुरी आदेशाचा मजकूर जवळपास सारखाच असेल. परंतु तो आदेश ज्या कार्यालयात जाऊन पडतो, त्या कार्यालयाची परिस्थिती तिन्हीकडे वेगळी असते. केंद्राच्या संस्थेतील लेखाविभागास केंद्रीय वित्तीय नियमांची रोजची सवय असते. राज्य विद्यापीठाच्या लेखाविभागाचा दैनंदिन व्यवहार राज्याच्या नियमांनी चालतो, त्यामुळे मंजुरी आदेशातील केंद्रीय शर्ती व राज्याची खरेदीपद्धती या दोहोंचा मेळ त्यास घालावा लागतो. खाजगी विद्यापीठात व्यवस्थापनाची स्वतःची हिशोबपद्धती असते. शासकीय अनुदानाचा हिशोब तेथे निराळा ठेवावा लागतो. यावरून असे दिसते की, नियम कागदावर एकच असला तरी तो समजावून देण्याची गरज प्रत्येक ठिकाणी निराळी आहे. जी भाषा मानेसरला पुरेशी होते ती शेजारच्या विद्यापीठाला पुरेशी होईलच असे नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना हाच प्रकार आपल्या राज्यातही आढळेल. पुणे किंवा नागपूर येथील जुन्या विद्यापीठांत अनुदानाच्या कामाची कित्येक दशकांची परंपरा आहे. उलट, गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले. केंद्राचे नियम मात्र पुण्याला व गडचिरोलीला अक्षरशः तेच लागू होतात.

३. नियम कोठून येतात

अनुदानाच्या नियमांचे उगम चार आहेत. ते एकमेकांपासून वेगळे ओळखता आले की निम्मा गोंधळ नाहीसा होतो.

पहिला उगम म्हणजे केंद्र शासनाचे सामान्य वित्तीय नियम. हे प्रथम १९४७ मध्ये एकत्र करण्यात आले व पुढे १९६३, २००५ आणि २०१७ मध्ये त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. २०१७ च्या आवृत्तीत अनुदानासंबंधीचे नियम नवव्या प्रकरणात, नियम २२८ पासून पुढे, दिलेले आहेत. खरेदीचे नियम सहाव्या प्रकरणात आहेत.

दुसरा उगम म्हणजे व्यय विभागाने वेळोवेळी काढलेली कार्यालयीन ज्ञापने. यांनी मूळ नियमांतील रकमा किंवा पद्धती बदलतात. उदाहरणार्थ, मार्च २०२२ मधील ज्ञापनाने केंद्रीय क्षेत्र योजनांच्या निधिप्रवाहाची पद्धतच बदलली. पूर्वी वर्षाची रक्कम संस्थेच्या बँक खात्यात जमा होऊन पडत असे. नव्या पद्धतीत संस्थेला बहुधा शून्य शिलकीचे खाते व त्यावर खर्चाची मर्यादा मिळते. प्रत्यक्ष पैसा खर्चाच्या वेळीच सुटतो.

तिसरा उगम म्हणजे अनुदान देणाऱ्या संस्थेच्या शर्ती. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ २०२३ च्या कायद्यान्वये निर्माण झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले. हे प्रतिष्ठान, जैवतंत्रज्ञान विभाग, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद या प्रत्येकाचे अर्जाचे नमुने व अहवालाच्या तारखा भिन्न असतात.

चौथा उगम म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे परिनियम व परिपत्रके. कोणाच्या सहीने काय होते, हे बहुधा येथेच ठरते.

अध्यापकाला जेव्हा “नियमात बसत नाही” असे सांगितले जाते, तेव्हा या चारांपैकी कोणता नियम, असा प्रश्न त्याने विचारावा. पुष्कळदा अडचण चौथ्या प्रकारच्या नियमाची असते व ती विद्यापीठालाच दूर करता येते. परंतु दोष पहिल्या प्रकारच्या नियमांवर ढकलला जातो.

या संदर्भात एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची धुरा १९५६ ते १९६१ या काळात चिंतामणराव देशमुख यांच्याकडे होती. त्यापूर्वी ते देशाचे अर्थमंत्री होते. तिजोरी राखणारा आणि विद्यापीठांस पैसा देणारा या दोन्ही भूमिकांचा अनुभव एकाच व्यक्तीच्या ठिकाणी क्वचितच एकवटतो. सामान्यतः या दोन बाजू परस्परांपासून दूर असतात व त्यांच्यामधील दुवा म्हणजे नियमाची भाषा. ती भाषा अस्पष्ट असली की एकीकडे संशय व दुसरीकडे भय उत्पन्न होते.

४. नियम दुर्बोध का होतात

नियम दुर्बोध होण्याची प्रमुख कारणे चार सांगता येतील.

(अ) क्रम. वित्तीय नियमांचा क्रम अधिकाराच्या दृष्टीने लावलेला असतो: प्रथम मंजुरी देणाऱ्याचे अधिकार, मग अपवाद, मग लेखापरीक्षण. संशोधकाचे काम मात्र कालक्रमाने चालते. त्याला आज काय करावयाचे व मार्चमध्ये काय करावयाचे हे जाणून घ्यावयाचे असते. त्याचे एका साध्या प्रश्नाचे उत्तर तीन प्रकरणांत विखुरलेले असते.

(आ) कर्त्याचा अभाव. “प्रमाणपत्र सादर करण्यात यावे” असे वाक्य असले की ते कोणी सादर करावयाचे, प्रमुख अन्वेषकाने, वित्त अधिकाऱ्याने की कुलसचिवाने, हे कळत नाही. ज्या कामाचा कर्ता सांगितलेला नसतो ते काम प्रत्येक जण दुसऱ्याचे समजतो.

(इ) कारणाचा अभाव. नियम का केला आहे हे माहीत नसेल तर अपरिचित प्रसंगी तो कसा लागू करावा हे ठरविता येत नाही.

(ई) शब्दांची संदिग्धता. याचे ठळक उदाहरण वस्तू व सेवा कराचे आहे. संशोधनासाठी मिळालेली रक्कम म्हणजे अनुदान की पुरविलेल्या सेवेचा मोबदला, हा प्रश्न काही वर्षे स्पष्ट नव्हता व काही शैक्षणिक संस्थांना करमागणीच्या नोटिसाही गेल्या. अखेर ९ सप्टेंबर २०२४ रोजी झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५४ व्या बैठकीत, कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे व संशोधन केंद्रे, तसेच आयकर सवलतप्राप्त संस्था यांनी शासकीय वा खाजगी अनुदानातून केलेल्या संशोधनसेवांना करमाफी देण्याची शिफारस झाली. एका शब्दाचा अर्थ निश्चित नसल्याने केवढा खटाटोप होऊ शकतो, हे यावरून दिसते.

५. कामाच्या क्रमाने मांडणी

वरीलपैकी पहिल्या तीन दोषांवर विद्यापीठाला स्वतःच उपाय करता येतो. त्यातील मुख्य उपाय म्हणजे नियमांची मांडणी प्रकल्पाच्या आयुष्यक्रमानुसार करणे. कोणत्याही प्रकल्पाचे पाच टप्पे पडतात.

पहिला टप्पा अर्जाचा. येथे अंदाजपत्रकाची शीर्षे समजून घ्यावयाची: उपकरणे हा अनावर्ती खर्च, मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास व आकस्मिक खर्च हा आवर्ती खर्च, आणि संस्थेच्या सुविधांपोटी मिळणारा अधिभार वेगळा.

दुसरा टप्पा मंजुरीचा. मंजुरी आदेश हाती येताच त्यातील तीन गोष्टी अधोरेखित कराव्यात: प्रकल्पाचा प्रारंभदिनांक, शीर्षवार रक्कम व पहिला हिशोब देण्याची तारीख.

तिसरा टप्पा खर्चाचा. खरेदी, नेमणूक व प्रवास यांचे नियम येथे एकत्र यावेत.

चौथा टप्पा वार्षिक हिशोबाचा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, प्रकल्पाचे वर्ष मात्र कोणत्याही महिन्यात सुरू होऊ शकते. या दोन वर्षांची गल्लत ही नवख्या संशोधकाची नेहमीची चूक होय.

पाचवा टप्पा समाप्तीचा. अंतिम अहवाल, अखर्चित शिल्लक परत करणे व उपकरणांची नोंद या गोष्टी यात येतात. अनुदानातून घेतलेली उपकरणे मंजुरी देणाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून विकता वा अन्यत्र देता येत नाहीत, म्हणून त्यांची जडसंग्रह नोंदवही प्रकल्प संपल्यावरही जपून ठेवावी लागते.

हे टप्पे स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ या. गुरुग्राममधील एका अध्यापकास तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला व त्यात एका संशोधक विद्यार्थ्याची जागा आहे. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने कनिष्ठ संशोधन अधिछात्रास दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठास ४२,००० रुपये मिळतात; घरभाडे भत्ता वेगळा. पहिली दोन वर्षे कनिष्ठ व तिसरे वर्ष वरिष्ठ असे धरल्यास:

पहिले वर्ष : ३७,००० × १२ = ४,४४,००० रुपये
दुसरे वर्ष : ३७,००० × १२ = ४,४४,००० रुपये
तिसरे वर्ष : ४२,००० × १२ = ५,०४,००० रुपये
एकूण : १३,९२,००० रुपये

अर्ज करताना तिन्ही वर्षांसाठी कनिष्ठ दरच धरला तर अंदाजपत्रकात १३,३२,००० रुपये पडतात व तिसऱ्या वर्षी ६०,००० रुपयांची तूट येते. नियमाचे एक साधे कलम पहिल्या टप्प्यात न वाचल्याचा परिणाम तिसऱ्या वर्षी भोगावा लागतो. आता असे समजा की, दुसऱ्या वर्षीचा हिशोब दोन महिने उशिरा गेला व पुढील रक्कम तेवढीच अडकली. विद्यापीठाच्या जमाखर्चात ही रक्कम क्षुल्लक असेल. परंतु गुरुग्रामसारख्या महाग शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन महिने वेतनावाचून काढणे किती कठीण आहे, हे सांगावयास नको. नियमांच्या सुबोधतेचा प्रश्न केवळ कार्यालयीन सोयीचा नाही, तो असा माणसांच्या निर्वाहाशी जोडलेला आहे.

६. तीन नियम उलगडून

कोणताही नियम समजावून देताना पाच गोष्टी सांगाव्यात: कोणी, काय, केव्हा, किती व का. या रीतीने तीन महत्त्वाचे नियम पुढे मांडले आहेत.

पहिला नियम : व्याज. कार्यालयीन परिपत्रकात तो साधारणपणे असा आढळतो: “अनुदानाच्या रकमेवर अर्जित झालेले व्याज अथवा अन्य प्राप्ती लेख्यांचे अंतिमीकरण झाल्यानंतर तात्काळ भारताच्या एकत्रित निधीमध्ये भरणा करण्यात यावी.” हाच मजकूर सुबोध रूपात असा लिहिता येईल: “अनुदानाचा पैसा बँकेत असताना त्यावर व्याज मिळाले तर ते प्रकल्पासाठी खर्च करू नये. वर्षाचा हिशोब पूर्ण होताच वित्त अधिकाऱ्याने ते केंद्र शासनास परत भरावे व भरल्याची पावती प्रमुख अन्वेषकास द्यावी. आधार : सामान्य वित्तीय नियम २३०(८).” यापुढे कारण सांगावे: शासन स्वतः कर्ज काढून त्यावर व्याज देत असते, त्याच पैशाची ठेव ठेवून दुसऱ्याने व्याज मिळवावे हे न्याय्य नाही. हे कारण समजले की, पुढे निधिप्रवाहाची पद्धत का बदलली हेही समजते. पैसा संस्थेच्या खात्यात पडूच न देणे, हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा होय. मात्र यातून संशोधकावर एक नवी जबाबदारी येते. ट्रेझरी सिंगल अकाउंट पद्धतीत ३१ मार्चपर्यंत न वापरलेली मर्यादा संपुष्टात येते. यास्तव उपकरणाची मागणी फेब्रुवारीत नव्हे, तर वर्षाच्या पूर्वार्धातच नोंदवावी, अशी सूचना पुस्तिकेत ठळकपणे असली पाहिजे.

दुसरा नियम : खरेदीच्या मर्यादा. २०१७ च्या नियमांप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंतची वस्तू दरपत्रके न मागविता घेता येत असे (नियम १५४) व त्यापुढे २,५०,००० रुपयांपर्यंत तीन सदस्यांच्या खरेदी समितीमार्फत (नियम १५५). वैज्ञानिक संस्थांसाठी या मर्यादा नंतर वाढविण्यात आल्या. जून २०२५ मध्ये जाहीर झालेल्या बदलाने थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये झाली. समितीमार्फत खरेदीची कक्षा १ ते १० लाखांवरून २ ते २५ लाख रुपये झाली. मर्यादित निविदेची कमाल रक्कम ५० लाखांवरून १ कोटी झाली. २०२० पासून २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीस जागतिक निविदा काढण्यावर निर्बंध आहे. संशोधनासाठी अशी निविदा आवश्यक असल्यास तिला संमती देण्याचा अधिकार कुलगुरू व संचालक यांना देण्यात आला. शासकीय ई-बाजारपेठेबाहेर विशेष संशोधनसाहित्य घेण्याची मुभाही संस्थाप्रमुखांना मिळाली.

याचा अर्थ मानेसरच्या प्रयोगशाळेतील उदाहरणाने स्पष्ट होईल. मज्जापेशींतील विद्युत्संकेत मोजण्याचे १,८०,००० रुपयांचे एखादे साहित्य हवे असल्यास पूर्वीच्या १ लाखाच्या मर्यादेमुळे समिती नेमावी लागली असती. आता ते थेट घेता येईल. परंतु खरेदी करणाऱ्याने, वस्तू योग्य दर्जाची आहे, पुरवठादार विश्वसनीय आहे व किंमत वाजवी आहे याविषयी आपली खात्री झाल्याचे प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने द्यावयाचे असते, ही अट कायम आहे. मर्यादा वाढली म्हणजे जबाबदारी समितीकडून एका व्यक्तीकडे आली. सोपा नियम काही वेळा अधिक काळजी मागतो, हे येथे लक्षात ठेवावे. राज्य विद्यापीठाने मात्र या मर्यादा आपणास आपोआप लागू आहेत असे न धरता प्रथम मंजुरी आदेशाच्या शर्ती व राज्याचे खरेदी नियम पाहावेत.

तिसरा नियम : उपयोगिता प्रमाणपत्र. हे नमुना १२-अ मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावयाचे असते (नियम २३८). अनेकांचा असा समज असतो की हा केवळ बेरजेचा कागद आहे. वस्तुतः मिळालेली रक्कम ठरलेल्याच हेतूसाठी वापरली, असे हे लेखी अभिवचन आहे. पुढील वर्षाचे अनुदान ठरविताना मागील वर्षाची अखर्चित शिल्लक विचारात घेतली जाते, म्हणून बारा महिन्यांची मुदत असली तरी तेवढे थांबणे हिताचे नसते. नियमाची मुदत ही शेवटची सीमा होय. कामाची योग्य वेळ ती नव्हे. पुस्तिकेत या दोन्ही तारखा वेगवेगळ्या दिल्या पाहिजेत. यासाठी कीर्द व खतावणी यांत प्रत्येक प्रकल्पाचे पान स्वतंत्र असावे व दरमहा त्याची प्रत संशोधकाला मिळावी. मग मार्चअखेर प्रमाणपत्र तयार करण्यास आठवडाही लागणार नाही.

७. इतर देशांतील अनुभव

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेत अनुदान देणारी शासकीय खाती व विद्यापीठे यांनी मिळून चालविलेल्या फेडरल डेमॉन्स्ट्रेशन पार्टनरशिप या उपक्रमाने अध्यापकांची पाहणी केली. संघीय अनुदानाच्या संशोधनासाठी दिलेल्या वेळापैकी सरासरी ४२ टक्के वेळ प्रत्यक्ष संशोधनाऐवजी त्यासंबंधीच्या प्रशासकीय कामांत जातो, असे २००५ व २०१२ च्या पाहण्यांत आढळले. २०१८ मध्ये हेच प्रमाण ४४ टक्के निघाले. प्रश्नाची जाणीव होऊनही तो आपोआप सुटत नाही, हा या आकड्यांचा बोध आहे.

तेथील शासनाने २०२४ मध्ये अनुदानाची एकत्रित नियमावली सुधारली, तेव्हा पुष्कळ कलमे साध्या भाषेत पुन्हा लिहिली. ब्रिटनमध्ये प्राध्यापक ॲडम टिकेल यांनी संशोधनातील कागदी कामाचा आढावा घेऊन जुलै २०२२ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यातील तत्त्वांत एकसूत्रता, सुलभता व प्रमाणबद्धता यांना महत्त्वाचे स्थान आहे. प्रमाणबद्धता म्हणजे लहान रकमेसाठी लहान तपासणी व मोठ्या रकमेसाठी मोठी. भारतातील २०२५ च्या खरेदीमर्यादा याच तत्त्वाला धरून आहेत, असे म्हणता येईल. मात्र अमेरिकेतील नियमांचे पुनर्लेखन व ब्रिटनमधील सूत्रे शासनपातळीवरची आहेत. विद्यापीठाच्या पातळीवरचे काम प्रत्येक विद्यापीठालाच करावे लागते.

८. सुबोधपणाच्या मर्यादा

सोप्या पुस्तिकेचे काही धोकेही आहेत व ते लपवू नयेत.

पहिला धोका कालबाह्यतेचा. २०१८ मध्ये छापलेली पुस्तिका आजही भिंतीला टांगलेली असेल तर ती थेट खरेदीची मर्यादा २५,००० रुपये सांगेल. जी पुस्तिका चुकीचे उत्तर सोप्या भाषेत देते ती क्लिष्ट नियमाहून अधिक घातक होय. म्हणून प्रत्येक पृष्ठावर तारीख असावी व दरवर्षी एप्रिलमध्ये ती नव्याने तपासावी.

दुसरा धोका अधिकाराचा. लेखापरीक्षक मूळ नियम पाहतात, पुस्तिका नव्हे. अनुदानित संस्थेचे हिशोब तपासण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्या खात्यास व भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांना आहे (नियम २३६). यास्तव प्रत्येक सोप्या विधानाखाली मूळ नियमाचा क्रमांक दिलाच पाहिजे.

तिसरा धोका भाषेचा. परिभाषा पूर्णपणे टाळता येत नाही व टाळूही नये. शिवकालात राज्यव्यवहारकोश तयार झाला, तसेच महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने परिभाषेचे काम हाती घेतले. दोन्ही वेळी कारभाराचे शब्द लोकांच्या जवळ आणण्याचा हेतू होता. परंतु नवा शब्द जर जुन्याहून कठीण झाला तर हेतू फसतो. लेखाविभागात ‘यूसी’ हा शब्द रूढ असेल तर ‘उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजेच यूसी’ असे एकदा स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही.

९. पुस्तिका कोणी व कशी तयार करावी

हे काम एकट्या वित्त अधिकाऱ्यावर सोपवू नये, कारण त्याला काय कठीण वाटते हे माहीत नसते. एकट्या अध्यापकावरही सोपवू नये, कारण त्याला नियमांचा आधार पुरेसा ठाऊक नसतो. लेखाविभागातील अनुभवी लिपिक, एक प्रकल्प पूर्ण केलेला अध्यापक, एक नवा अध्यापक व एक संशोधक विद्यार्थी अशा चौघांनी एकत्र बसावे. गेल्या दोन-तीन वर्षांत लेखाविभागाने कोणत्या कारणांनी कागद परत पाठविले त्यांची यादी करावी. जी कारणे वारंवार आली असतील त्यांच्यापासून लेखनास आरंभ करावा.

मसुदा तयार झाल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. नुकत्याच रुजू झालेल्या अध्यापकास तो वाचावयास द्यावा व नंतर चार प्रश्न विचारावेत: ही वस्तू घेण्यास कोणाची संमती लागेल? शीर्ष बदलावयाचे असल्यास कोणास लिहावे? हिशोब केव्हा द्यावा? उरलेली रक्कम कोठे जाते? चारही उत्तरे बरोबर आली तर मसुदा सफल झाला. एकही चुकले तर दोष वाचकाचा न मानता मजकुराचा मानावा व तो पुन्हा लिहावा.

गुरुग्रामसारख्या जिल्ह्यात आणखी एक सोय सहज होण्याजोगी आहे. तिन्ही प्रकारच्या विद्यापीठांच्या लेखाविभागांनी वर्षातून एकदा एकत्र येऊन आपापल्या पुस्तिका ताडून पाहाव्यात. अंतर काही किलोमीटरांचे आहे व अडचणी बहुतांशी समान आहेत. महाराष्ट्रात एका विभागातील विद्यापीठांनाही हे करता येईल.

१०. सारांश

अनुदानाचे नियम सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी आहेत आणि न समजलेला नियम हे रक्षण करू शकत नाही. नियम कोणत्या उगमातून आला हे ओळखावे. तो अधिकाराच्या क्रमाने न मांडता कामाच्या क्रमाने मांडावा. कोणी, काय, केव्हा, किती व का हे प्रत्येक वेळी सांगावे. मूळ नियमाचा क्रमांक व तारीख द्यावी. आणि नवख्या वाचकावर मजकुराची परीक्षा घ्यावी. एवढे केल्यास अध्यापकाचा वेळ प्रयोगशाळेत जाईल, लेखाविभागाचे परत पाठविण्याचे कागद कमी होतील व संशोधक विद्यार्थ्याचे वेतन वेळेवर होईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अनुदानाच्या नियमांचे चार उगम सांगा व आपल्या विद्यापीठातील एका अडचणीचा उगम यांपैकी कोणता ते ठरवा.

२. प्रकल्पाचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होत असल्यास पहिल्या ३१ मार्चपर्यंत किती महिन्यांचा खर्च हिशोबात येईल? कनिष्ठ अधिछात्राची त्या काळातील अधिछात्रवृत्ती, घरभाडे भत्ता वगळून, काढा.

३. “उपकरणांची विल्हेवाट पूर्वपरवानगीशिवाय करण्यात येऊ नये” हे वाक्य कर्ता, वेळ व कारण यांसह सुबोध रूपात लिहा.

४. थेट खरेदीची मर्यादा वाढल्याने कोणाची जबाबदारी वाढली? कारणांसह सांगा.

५. आपल्या विभागातील अलीकडील एक परिपत्रक घेऊन त्यात “कोणी, काय, केव्हा, किती व का” यांपैकी कोणत्या गोष्टी सांगितलेल्या नाहीत ते शोधा.